जावईबापूंची टाकी

खवला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा, नखाएवढा, आणि नखाने वाजवला तर दातासारखा टक्क वाजणारा... आता दाताचा आवाज त्याच्याइतका कोणाला कळणार, सव्वीस वर्षं कवळ्याच बनवतोय. टाकीच्या तळाशी सापडलेला हा आठवड्यातला तिसरा. काचेला घासून घासून निघालेला. कडेला किंचित लाली होती ती त्याने अंगठ्याने पुसली, आणि पुसली म्हणून स्वतःचाच राग आला. पुसून काय होणार होतं?

"जावईबापूंचं काय आज?" बायकोने आतून विचारलं.

नाव तिनेच ठेवलेलं. लेक नसताना घरात जावई आला, बसल्या जागी गिळतो आणि वर आपल्यावरच डोळे वटारतो, असं ती पहिल्या वर्षी येईल त्याला हसून सांगायची. मगरीसारख्या तोंडाचा मासा, वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी – "तुमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडात एक नाही, आणि ह्याला चांगल्या दोन!" त्या दातांनाच तर तो भुलला होता. तेव्हा मासा बोटाएवढा होता, खरंच बोटाएवढा, आणि दुकानदार म्हणाला होता, "टाकी जेवढी तेवढाच वाढतो हो हा, बिनधास्त न्या." नेला बिनधास्त. आज टाकी पाच फूट लांब, दीड फूट रुंद, आणि मासा सव्वातीन फूट. मघाशी वळायला गेला तर नाक पुढच्या काचेला, शेपूट मागच्या काचेला, मधलं अंग कमानीसारखं अडकलेलं... मग एकदम झटका, आणि बादलीभर पाणी फरशीवर. वळला शेवटी. पाठ मात्र वाकडी ती वाकडीच राहिली.

काल जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. त्याने नुसतं पाहिलं, हातसुद्धा ओला केला नाही. मोठी टाकी आणली तर? – कणा गेलाय, आता केवढ्याही पाण्यात ठेवा, सरळ व्हायचा नाही. तळ्यात? – नावही काढू नका, एक मासा शिल्लक ठेवायचा नाही हा. प्राणिसंग्रहालयातल्या माणसाने तर फोनवरच हात वर केले होते, आमच्याकडे असे अकरा आहेत म्हणाला, सगळे कोणा ना कोणाच्या दिवाणखान्यातून आलेले. मग डॉक्टर जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, लवंगेचं तेल. पाण्यात थोडं घातलं की झोपतो. जास्त घातलं की उठत नाही. दुखत नाही म्हणे.

"आणि तसाच राहू दिला तर?"

"जगेल की! अजून वीस-तीस वर्षंसुद्धा."

मरेल म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं त्याला – वाटलं, उगीच खोटं कशाला बोला.

दंतवैद्यबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, त्याच्या कामाच्या टेबलावरच्या फळीवर लवंगेच्या तेलाच्या चार बाटल्या. इतकी वर्षं त्या वासात बसून त्याला वास येईनासा झाला होता. आज आल्यापासून दुसरं काही येतच नव्हतं. दंतवैद्यबाईंनी हाक मारली तेव्हा तो खुर्चीवरून जवळजवळ पळालाच.

खुर्चीत एक निवृत्त मास्तरीणबाई, परवाच कवळी नेलेल्या. "खालून टोचतेय हो फार. काल नुसतं पातळ काहीतरी प्यायले. पण होईल ना सवय?"

"होईल की. आठ दिवसांत विसराल तोंडात काही..."

आणि तो थांबला. हाच सूर! तोच आपलेपणा, तीच घाई, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं म्हणून. दुकानदाराने फसवलं, दुकानदाराने गळ्यात मारला, असं नऊ वर्षं सांगत सुटलोय मी... आणि मला काय दिसत नव्हतं? दुसऱ्या वर्षी हातभर झाला तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवला, माप घेऊन दाखवला, पुतण्याला म्हटलं बघ, वाघ पाळलाय काकाने. वाढत होता तेव्हा छाती माझी फुगत होती. दुकानदार एकदाच बोलला, मी मात्र रोज सकाळी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

"काढा जरा," तो म्हणाला. कवळी मशीनवर धरली, केसाएवढी घासली, धुऊन परत दिली. बाईंनी जबडा हलवून पाहिला, पुन्हा हलवला, आणि त्यांचं तोंड इतकं खुललं की त्याला रडूच फुटायचं बाकी राहिलं. केसाएवढं घासलं की माणूस जेवतो. मासा कुठे घासू?

निघताना त्याने दाढ दुखतेय म्हणून एक बाटली मागितली. "बसा, बघते," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "नको नको, जुनंच दुखणं आहे," म्हणत तो तोंड मिटून बाहेर पडला.

संध्याकाळी घरी आला तर फरशी पुसलेली, टाकीपुढची खुर्ची बाजूला सरकवलेली. बायकोने बाटली पाहिली. त्याने अस्तनी वर केली, झाकण उचललं, हात पाण्यात घातला. मासा वर आला – तिरका, एका कुशीवर, जसा हल्ली येतो तसा – हवेचा एक घोट घेतला आणि लांबलचक नाक त्याच्या बोटांपाशी आणून थांबला. हात म्हणजे खाणं. दुसऱ्या कोणाचा हात दिसला तर मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, ह्याच हाताकडे येतो.

"मला नाही जमणार गं."

तिने पदराला हात पुसले. नऊ वर्षांत तिने त्या टाकीला बोट लावलं नव्हतं. "मग मी करते. द्या ती बाटली, आणि तुम्ही जरा आत जाऊन बसा."

"नको!"

एवढ्या जोरात, की मासा दचकून मागे झाला आणि काचेवर आपटला. ती पुढे केलेला हात तसाच धरून उभी राहिली. "अहो, त्याच्यासाठी नको म्हणताय, की..."

दिवसभर तो समजत होता, दया येते म्हणून हात उचलत नाही. आणि कोणीतरी ओझं उतरवायला पुढे झालं तर हा कुत्र्यासारखा अंगावर गेला. दया कसली! मासा गेला की ह्या हाताकडे येणारं घरात दुसरं कोणी उरत नाही, एवढंच होतं ते, आणि तेवढ्यासाठी त्याची पाठ वाकली तरी चाललं, आणखी वीस वर्षं वाकडी राहिली तरी चालणार होतं. त्याला स्वतःची भीती वाटली. हात बाहेर काढावा, निदान एवढं तरी करावं, असं वाटत होतं, पण तो पाण्यातच राहिला. आणि काचेवर आपटलेला मासा, हळूहळू, जमेल तसं अंग वळवत, पुन्हा त्याच्याकडेच यायला लागला.