एका चकतीवर एकच लेबल

संस्थेच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर सात दिवंगत विद्वानांची तैलचित्रे होती आणि टेबलावर एक छोटा सीडी प्लेअर. विद्वान गप्प होते. प्लेअर घरघरत होता. दागिन्यांच्या पेटीएवढे ते घरगुती यंत्र संचालकांच्या माळ्यावर धूळ खात पडले होते. संस्थेच्या नव्या संगणकांना चकती घालायची जागाच नाही असे लक्षात आल्यावर ते खाली उतरले, पुसले गेले आणि 'देणगी' या भारदस्त नावाने कार्यालयात दाखल झाले.

अकराव्या मिनिटापर्यंत त्यातून एका म्हाताऱ्या लोहाराचा आवाज येत राहिला. भात्याच्या तोंडाला काय म्हणतात, ऐरणीच्या निमुळत्या टोकाला काय म्हणतात, हे तो सांगत होता, आणि मधूनमधून एक तरुण स्त्री "परत सांगा ना, काका" म्हणत होती. मग घरघर वाढली, घरघरीची खडखड झाली, आणि लोहार एका अक्षरावर अडकला: ऐ, ऐ, ऐ, ऐ. संचालकांनी बटण दाबून त्याची सुटका केली.

"हे सर बोलत होते की यंत्र?" ज्येष्ठ सदस्यांनी डोळे उघडून विचारले.

"यंत्र," संचालक म्हणाले. "सर इतके अडखळत नसत."

सगळे हसले, फक्त सूचीबाई हसल्या नाहीत. लोहाराला 'परत सांगा ना' म्हणणारी ती तरुण स्त्री त्याच होत्या, आणि त्या मुलाखतीला आता तीस वर्षे होऊन गेली होती.

'सूचीबाई' हे नाव त्यांना आईबापांनी दिले नव्हते, एका प्रस्तावनेने दिले होते. बावीस वर्षे त्या कारागिरांच्या दारोदार हिंडल्या. सुतार, लोहार, शिंपी, घड्याळे दुरुस्त करणारे, जो जो माणूस हाताने काम करतो त्याच्या तोंडचे शब्द त्यांनी टिपले, चिठ्ठ्यांवर उतरवले, लावले, तपासले. त्या चिठ्ठ्यांचा व्यवसायकोश झाला. कोशावर नाव संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांचे, म्हणजे सरांचे, आले. सरांनी प्रस्तावना मात्र स्वतः लिहिली, हे मान्य करायला हवे. तिच्या शेवटच्या परिच्छेदात, बांधणी करणारे कारागीर आणि चहा आणून देणारा शिपाई यांच्या मधोमध, 'सूचीचे काम नेटाने करणाऱ्या आमच्या साहाय्यिका' यांचे आभार होते. दुसऱ्या दिवसापासून शिपायासकट सगळे त्यांना सूचीबाई म्हणू लागले.

आता सर नव्हते. संचालक हे सरांचे जावई. ज्ञानाचा वारसा आपल्याकडे रक्ताने नाही तर निदान लग्नाने तरी येतो. कोशाची दुसरी आवृत्ती निघत होती आणि सूचीबाईंनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एक अर्ज केला होता: मुखपृष्ठावर माझे नाव असावे. पुरावा काय, असे समितीने विचारले. पुरावा या चकतीत होता. लोहाराची मुलाखत संपल्यावर रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता, आणि शेवटच्या मिनिटात सर जे बोलले ते त्यात उतरले होते. मूळ ध्वनिफिती काटकसरीच्या एका वर्षी पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यांच्यावर आता वर्धापनदिनांची भाषणे होती. उरली होती ती त्यांच्यावरून आधी उतरवलेली ही एकच चकती.

"पुढच्या गुरुवारी शेवटची बैठक," संचालक म्हणाले. "शुक्रवारी पुस्तक छापखान्यात जातं. तोवर यंत्र नीट बोललं तर उत्तमच. नाही बोललं, तर ताई, मी तरी काय करणार? माझे हात बांधलेले आहेत."

आपले हात कुणी बांधले हे अशी माणसे कधीच सांगत नाहीत.

प्लेअर आणि चकती दुरुस्तीसाठी बाहेर नेण्याची परवानगी सूचीबाईंनी मागितली. संग्रहपालाने नोंदवही पुढे केली. ही मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली होती.

"ताई, इथे सही. समितीच्या परवानगीशिवाय प्रत करणार नाही म्हणून."

"माहीत आहे गं. तो नियम मीच लिहिलाय."

ते खरे होते. 'संग्रहातील वस्तूंची हाताळणी' या हस्तपुस्तिकेतले एकतीसच्या एकतीस नियम सूचीबाईंनी लिहिले होते. संस्थेने छापलेल्या कागदांपैकी ज्याच्यावर त्यांचे खरे नाव होते असा तेवढा एकच कागद होता. अशा कामावर हक्क सांगायला कोणाचाच जावई आला नव्हता.

यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचे दुकान जिन्याखालच्या जागेत होते. उभ्याने दोन माणसे मावत, तिसरे आले तर पहिल्याने बाहेर पडायचे. मिस्त्रींनी झाकण उघडले, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून भिंग पुसले, भिंग ज्या दांडीवरून सरकते तिला टोकाने ग्रीस लावले, आणि चकती घातली. घरघर. मग त्यांनी स्वतःची एक ओरखडे पडलेली चकती घातली. यंत्र मांजरासारखे शांत बसून वाजत राहिले.

"बाई, यंत्र चांगलंय. उगाच बिचाऱ्याला बदनाम केलंत. तुमची चकती आऊट आहे."

"आऊट म्हणजे?"

"म्हणजे एका बाजूला जड. हे बघा." त्यांनी चकतीच्या मधल्या भोकात पेन्सिल घातली आणि हलकेच फिरवली. चकती थांबली तेव्हा लेबल खाली होते. पुन्हा फिरवली, पुन्हा लेबल खाली. "दारू प्यायलेल्या माणसासारखं आहे, कुठूनही निघालं तरी त्याच गटारात. मोठं यंत्र असतं तर सांभाळून घेतलं असतं. हे छोटं, त्यात म्हातारं; फिरायला लागलं की थरथरतं, आणि भिंगाचा नेम चुकतो. कुणी लावलं हो हे लेबल? किती जाड!"

सूचीबाईंनी जुन्या सवयीने पर्समधून कोरी चिठ्ठी काढून 'आऊट' असे लिहिले, अर्थ लिहिला, सांगणाऱ्याचा व्यवसाय लिहिला. मग म्हणाल्या, "मी."

लेबलाचे तीन थर होते. खाली जाड कागदावरचा दाखलक्रमांक. काही वर्षांनी त्यावर बारकोड. त्यावर बारकोड झिजू नये म्हणून पारदर्शक पट्टी. तिन्ही एकाच जागी, नियम अकराप्रमाणे: 'डावीकडे, कडेजवळ.' नियम पुस्तकांसाठी लिहिला होता. चकत्या आल्यावर समितीने तोच त्यांनाही लागू केला. चकतीला डावी बाजू नसते आणि ती वस्तू फिरण्यासाठी जन्माला आलेली असते, हे दहा विद्वानांच्या त्या सभेत कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. सूचीबाईंच्याही नाही.

"मग काढूया ते," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी चकती झटकन मागे घेतली. "अजिबात नाही! सगळ्यांना वाटतं, माल खालच्या चकचकीत बाजूला असतो. तिकडे नुसतं जाड प्लास्टिक. माल इथे वर, लेबलाच्या लगेच खाली, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. लेबल ओढलंत की पापुद्रा त्याच्याबरोबर आला म्हणून समजा. मग वाजवत बसा भोक."

त्यांनी तसाच जाड कागद घेतला, तेवढाच कापला, त्याचेही तीन थर केले आणि जुन्या लेबलाच्या बरोबर समोर, दुसऱ्या कडेला चिकटवले. पेन्सिलीवर फिरवले. या वेळी चकती कुठेही थांबत होती.

"घ्या. आता दोन्ही खांद्यांवर सारखं ओझं."

लोहार अकरा मिनिटे बोलला, बारा बोलला, शेवटपर्यंत बोलला. मग कपाचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सरांचा दमेकरी घसा: "कोश तुमचाच आहे हो. मी नुसती प्रस्तावना लिहिणार. वर नाव आधी तुमचं, मग माझं. लेखी देतो म्हणा हवं तर." त्यावर ती तरुण स्त्री हसली होती आणि म्हणाली होती, "लेखी कशाला, सर? तुम्ही बोललात ना."

सूचीबाईंना सरांच्या आवाजाचे काही वाटले नाही. त्या हसण्याचा मात्र त्यांना असा संताप आला की त्यांनी दुकानाची फळी घट्ट धरली.

"मग दिलं का त्यांनी?" मिस्त्रींनी विचारले.

"काय?"

"नाव."

सूचीबाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. मिस्त्रींनी मोबाइल काढला. "थांबा, यात घेऊन ठेवतो. एक मिनिटाचं काम."

"नको. मी सही केली आहे."

"अहो, कोण बघतंय इथे?"

"मी," सूचीबाई म्हणाल्या.

गुरुवारी त्या वेळेआधी पोचल्या. प्लेअर टेबलावर ठेवला. चकती नियमाप्रमाणे आधी संग्रहपालाच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ताई, यावर दोन लेबलं आहेत. एक कोरं आहे."

"तोलासाठी आहे ते. त्याला हात लावू नकोस."

संचालकांनी मान वर केली. "बघू? हे आधी नव्हतं. नियम काय आहे?"

संग्रहपालाने हस्तपुस्तिका उघडली आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात वाचले: "नियम चौदा. एका वस्तूवर एकच लेबल असावे. दाखलक्रमांक नसलेले लेबल आढळल्यास वस्तू वापरण्यापूर्वी ते काढून टाकावे."

"वापरण्यापूर्वी," संचालक म्हणाले.

"ते काढलंत तर खालचा थर निघून येईल," सूचीबाई म्हणाल्या. "त्याच थरात मुद्रण असतं. आधी ऐका. पाच मिनिटं लागतील. नंतर काय ते काढा."

"म्हणजे नियमबाह्य वस्तू आधी पुराव्यात घ्यायची आणि मग नियमात बसवायची? उद्या कुणी म्हणेल, चकतीत फेरफार केला. तुमच्याच हिताचं सांगतोय, ताई. हा थर वगैरे कोण म्हणालं?"

"दुरुस्ती करणारे मिस्त्री."

"मिस्त्री." संचालकांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. ज्यांच्या शब्दांवर संस्थेचा सर्वांत जाड ग्रंथ उभा होता, त्यांचा शब्द समितीच्या टेबलावर मात्र चालत नव्हता. "अगं, पुढे वाच."

संग्रहपालाचा आवाज खाली गेला. "लेबल कोमट हवेने सैल करून सावकाश सोडवल्यास वस्तूला कोणतीही इजा होत नाही."

"हे कुणी लिहिलं?"

संग्रहपालाने हस्तपुस्तिका मिटली. लिहिणारीचे नाव मुखपृष्ठावर होते, ठळक अक्षरांत.

"ते पुस्तकांबद्दल होतं. ते चुकीचं आहे," सूचीबाई म्हणाल्या. "मी सांगते आहे ना."

"तुम्ही सांगताय, ताई. पण लेखी हे आहे, तुमच्या नावानिशी. समितीनं कोणतं धरायचं?"

सूचीबाईंनी चकतीकडे हात पुढे केला. "माझा अर्ज मागे घेते. चकती कपाटात जाऊ दे."

"अर्ज मागे घेता येईल," संचालक मऊपणे म्हणाले, "पण नियमभंग मागे कसा घेणार? वस्तू संस्थेची आहे." आणि त्यांनी संग्रहपालाला मान हलवून खूण केली.

तिने लेबले सोडवण्यासाठी ठेवलेले केस वाळवायचे यंत्र लावले, अंगठ्याने कोपरा उचलला आणि अगदी सावकाश, शिकवले होते तसे, सोडवायला सुरुवात केली. तिचा हात हलका होता. सूचीबाईंनीच तो तसा घडवला होता. आधी काही आवाज झाला नाही. मग सुकलेली साय फाटावी तसा चांदीचा पापुद्रा लेबलाबरोबर उठला आणि कडेपासून थेट मधल्या भोकापर्यंत निघून आला. चकतीतून समोरची खिडकी दिसू लागली, गजांसकट.

संग्रहपालाच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. संचालकांनी तरीही चकती घालायला लावली; प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी होती. प्लेअरने ती तीनदा फिरवून पाहिली, भिंग वरखाली केले आणि आत चकती नाही असे पडद्यावर दाखवले.

"आता घरघर गेली बघा," ज्येष्ठ सदस्य म्हणाले.

संचालकांनी इतिवृत्त सांगितले: ध्वनिमुद्रण वाजण्यायोग्य नसल्याने अर्जाचा विचार करता आला नाही. मग त्यांनी कोशाच्या मुद्रितांचा गठ्ठा सूचीबाईंकडे सरकवला. वरच्या पानावर एकच नाव होते.

"झालं ते फार वाईट झालं, ताई. पण सूची तेवढी एकदा नजरेखालून घालाल ना? तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण करणार?"

"लेखी पाठवा," सूचीबाई म्हणाल्या. "बोललेलं टिकत नाही."

त्यांनी हस्तपुस्तिका पुढे ओढली, नियम चौदातले शेवटचे वाक्य एका सरळ रेषेत खोडले आणि दुरुस्तीशेजारी सही केली. तसा नियम होता. संचालक म्हणाले की याला समितीची मान्यता लागेल. सूचीबाईंनी पेनाला टोपण लावले.

संग्रहपाल अजून तशीच उभी होती. तिच्या अंगठ्याला ते कोरे लेबल चिकटले होते आणि त्याच्या पाठीवर चांदीचा लांबट तुकडा थरथरत होता. तिचे डोळे भरले होते.

"ताई, हे... हे कुठे ठेवू?"

"दाखलक्रमांक आहे त्याला?"

"नाही."

"मग ते संस्थेचं नाही," सूचीबाई म्हणाल्या. त्यांनी लेबल तिच्या अंगठ्यावरून अलगद सोडवले, पर्समधल्या चिठ्ठीवर, 'आऊट' या शब्दाच्या खाली चिकटवले, आणि मुद्रिते टेबलावर तशीच ठेवून त्या जिना उतरल्या.