आगीच्या पोटचा पाटा

मित्रांनो, मी एक जुना, काळ्या दगडाचा पाटा आहे आणि मी राग विसरत नाही. विसरणार तरी कसा? माझा जन्मच आगीतला.

भागीरथीने मला लग्नानंतर खानदेशातून सुरतजवळ कडोदऱ्याला आणलं. नवरा कापडाच्या लूमवर कामाला गेला की ती माझ्यावर मिरच्या, खोबरं, लसूण वाटायची. दर वर्षी मला छिन्नीने टाकी लावून घ्यायची, म्हणजे मला नवे दात यायचे. शेजारणी म्हणायच्या, भाजी खावी तर भागीरथीकडची. तेव्हा काय तोरा होता माझा!

मग सून आली, हर्षदा. तिने मिक्सर आणला आणि मला मोरीत टाकलं. माझ्यावर ती पायपुसणी आपटायची. माझे दात झिजले. मी मनात म्हणायचो, थांब बाई, तुझी जिरवतोच. शेवटी तिने मला मलब्याच्या टेम्पोत टाकायचं ठरवलं. भागीरथी त्या दिवशी जेवली नाही.

वाचवलं ते नातीने, धनश्रीने. तिला शाळेत ज्वालामुखी समजावायचा होता, म्हणून तिने मलाच उचलून नेलं. भागीरथी आणि हर्षदाही बघायला आल्या. वर्गाच्या बाई पाण्याची बादली घेऊन उभ्या राहिल्या. धनश्रीने पेटत्या मेणबत्तीवरून साडीची चिंधी थांबत थांबत सरकवली. चिंधीला भोकांची रांग पडली.

"आग जागची हलत नाही," ती म्हणाली, "वरची जमीन सरकते."

जमिनीच्या कवचाखालच्या खोल प्रावरणातून तापलेला खडक वर चढतो, वितळतो, कवच फोडतो आणि ज्वालामुखी होतो. जमीन पुढे सरकली की तो विझतो आणि आगीवर आलेल्या जागी नवा फुटतो. शास्त्रज्ञ मानतात, आपली जमीन फार पूर्वी अशाच आगीवरून सरकली. त्या लाव्हाचा मी तुकडा. ती आग आजही हिंदी महासागरातल्या एका बेटाखाली आहे.

सगळे मला हात लावायला धावले. हर्षदाही पुढे झाली. म्हणाली, पाटा आमचाच, घरी नेते.

भागीरथी उठली आणि माझ्याकडे बोट दाखवून सुनेला म्हणाली, "तुन्हा घरमा येले जागा नव्हती ना? मंग आते मांगू नको."

आणि तिने मला शाळेला देऊन टाकलं. हर्षदाचं तोंड एवढंसं झालं. जिरली! मला कोण आनंद झाला.

मग भागीरथीने माझ्यावरून हात फिरवला आणि ती रिक्षात बसून गेली.

आता मी काचेच्या कपाटात असतो, पुसलेला आणि कोरडा. सूड उगवला, पण लसणाचा वास गेला. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला टाकी लावा आणि एकदा भागीरथीला बोलावून माझ्यावर मिरच्या वाटू द्या. ती कडोदऱ्याच्या घरी तिथेच आहे. सरकलो तो मी.