चमचाभर स्पिरिट

मिर्काने डोनट मधोमध फोडला आणि वितळलेली चरबी तिच्या मनगटावरून थेट बाहीत शिरली.

"पिळून घे," खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "घरचा साबण होईल."

मिर्काने तो डोनट बाकीच्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकला, जरा जोरातच. सगळी सकाळ पाण्यात गेली होती. आज खादाड गुरुवार, मोठ्या उपासाआधीचा शेवटचा. सगळं रादोम शहर आज मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लावून उभं होतं, पण सासूबाईंच्या, म्हणजे लेओकादियाबाईंच्या, घरात विकतचा डोनट कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. संध्याकाळी दोन्ही नणंदा पोराबाळांसकट खायला टपकणार होत्या. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे यंदा शेगडीपाशी सून आणि खुर्चीत सासू. हुकूम मात्र तेच.

"व्हिनेगर घातलं होतं मी," मिर्का म्हणाली.

"व्हिनेगर! काकड्या मुरवायच्यात का? अगं, पिठात चमचाभर स्पिरिट, कडक दारूचा अर्क, नसेल तर डोनट चरबी पिणारच. एवढंही शिकवलं नाही कुणी?"

"आम्ही घरात ठेवत नाही. तुम्हाला माहीत आहे, आई."

"मला काय माहीत आहे? माझ्या वितेकला पोटाचा त्रास झाला, इस्पितळात राहून आला. एवढंच माहीत आहे मला."

पोटाचा त्रास! मिर्काच्या मस्तकात तिडीक गेली. नोव्हेंबरात जिन्यात पडलेल्या नवऱ्याला ओढत वर आणलं होतं ते तिने, या बाईंनी नव्हे. तेव्हापासून घरात दारूचा थेंब नव्हता. खोकल्याचं औषध गेलं, दारू भरलेली चॉकलेटं गेली, तिचं अत्तरसुद्धा गेलं. संध्याकाळी वितेक दारात बूट काढायला लागला की ती काही ना काही निमित्ताने जवळ जायची. तोही श्वास सोडून गपचूप उभा राहायचा. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

तिने पुन्हा दूध कोमट केलं, यीस्ट फुगवलं, अंडी फोडून पिवळा बलक पिठात घेतला. टरफलं बेसिनमध्ये भिरकावली.

"खिडकी लाव. वारा लागला तर पीठ बसेल. आणि दार आपटू नकोस, सकाळी आपटलंस तसं."

"लावलीय खिडकी."

"नीट लाव."

पीठ गोळा व्हायला लागलं तशी बाईंनी मांडीवरची पर्स उघडली. आतून औषधाची चपटी बाटली निघाली. टेबलावरच्या छोट्या ग्लासात त्यांनी ती उपडी केली. पाण्यासारखं स्वच्छ, पण वास खोलीभर.

"आई, उचला ते!"

"मला उठता येतं का? घाल पिठात आणि हो मोकळी. तळताना सगळं उडून जातं."

मिर्काचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. तेवढ्यात बाईंचा चेहरा बदलला.

"मला आत जायचंय. आत्ताच्या आत्ता!"

"एक मिनिट थांबा, हे..."

थांबतात कसल्या! खुर्चीच्या दांड्याला धरून त्या अर्ध्या उठल्या आणि कलंडल्या. मिर्काने तशाच हातांनी त्यांना कमरेतून धरलं. दोघी न्हाणीघराच्या दाराशी पोचल्या आणि बाहेरचं दार उघडलं. पिठीसाखरेची पिशवी घेऊन वितेक आला होता.

"वितेक, टेबलावरचा ग्लास पिठात ओत रे बाळा!" बाईंनी आवाज दिला.

मिर्काला ओरडावंसं वाटलं. पण हात सोडला असता तर म्हातारी फरशीवर आपटली असती. ती आतल्या भिंतीकडे बघत उभी राहिली आणि कान स्वयंपाकघराकडे लावले. काही ऐकू आलं नाही.

परत आली तेव्हा ग्लास रिकामा होता. वितेक बेसिनपाशी पाठमोरा, ओटा घट्ट धरून उभा.

"मी बाल्कनीत आहे," म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता गेला. बाल्कनीचं दार त्याने हळू लावलं.

मिर्काने पिठाला नाक लावलं. यीस्ट आणि लिंबाच्या सालीपुढे दुसरा वासच लागेना. ठीक आहे, तिने ठरवलं, तळणच सांगेल. ओतलं असेल तर डोनट कोरडे निघतील. नाहीतर...

पुढचं तिला मनातही म्हणवेना. पीठ फुगेपर्यंत ती तीच ती भांडी पुसत राहिली. बाई गुलाबाच्या मुरंब्याच्या बरण्या कशा भरायच्या ते सांगत होत्या. ती हूं हूं करत होती.

पहिला घाणा निघाला. कागदावर ठेवताक्षणी खाली डाग पडला, आणि तो पसरतच गेला.

संपलं. तिने गॅस बंद केला. चार महिने धरून ठेवलेलं सगळं त्या कागदावर दिसत होतं, आणि ते या बाईने पर्समधून आणलं होतं! झारा फेकायला ती बेसिनकडे वळली, वाकली, आणि तशीच थांबली.

अंड्याच्या टरफलांतून स्पिरिटचा उग्र वास येत होता. एका टरफलाच्या वाटीत अजून थोडं साचलेलं होतं.

मागे दार वाजलं. वितेक उंबऱ्यात उभा होता. सवयीने त्याने श्वास सोडला आणि वाट बघत राहिला.

मिर्का त्याच्याजवळ गेली नाही.

"पिठापर्यंत ग्लास नेता आला नसता मला," तो हळूच म्हणाला. "बेसिन जवळ होतं."

"काय म्हणतोय तो?" बाई मान उंचावून बघत होत्या. "कागद बघू! अगं, हे परत तुपकट! ओतलं नाही का रे तू?"

"माझा धक्का लागून ग्लास सांडला, आई," मिर्का म्हणाली.

"सांडला! डोळे फुटले होते का? आता पोरी काय म्हणतील मला?"

"म्हणू देत."

तिने पिठीसाखरेत एक डोनट घोळवला, फोडला, अर्धा वितेकच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः तोंडात कोंबला. चरबी मनगटावरून बाहीत शिरली. तिने पुसली नाही. दुसऱ्या डोनटकडे हात नेला.