देठ धरणारी बोटं

सकाळी नऊच्या ठोक्याला तक्रार विभागातले संगणक सुरू व्हायचे, आणि साडेनऊपर्यंत प्रत्येकाच्या पडद्यावर चाळीस-पन्नास माणसं रागावून उभी असायची. कोणाचं कपडे धुण्याचं यंत्र पाणी सोडत नव्हतं, कोणाचं थांबत नव्हतं, एका आजींचं तर थरथरत थरथरत न्हाणीघरातून बैठकीत आलं होतं. आपल्यापैकी कोणी कधी अशी तक्रार केलेली नाही? आणि पाच मिनिटांत नम्र उत्तर आलं म्हणून कोणाला क्षणभर बरं वाटलेलं नाही?

ती नम्र उत्तरं तिने लिहिली होती. विभागात सगळ्यांत जुनी तीच. एकूण नऊ उत्तरं, प्रत्येकाला एक आकडा. आकडा दाबला की उत्तर जायचं. तिसरं सगळ्यांचं लाडकं होतं: ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. सात दिवसांत आमचा प्रतिनिधी आपल्याकडे येईल. तोपर्यंत धीर धरावा, ही विनंती.’ ‘धीर धरावा’ या दोन शब्दांनी निम्मी माणसं थंड होतात, असं साहेब म्हणायचे आणि नव्या मुलींना तिच्याकडे शिकायला बसवायचे.

कामाचे संदेश आणि घरचे संदेश एकाच संगणकावर यायचे. घरचा म्हणजे एकच. रोज सकाळी पावणेआठच्या सुमाराला तो आलेला असायचा. बागेतलं एखादं फूल, त्यावर बसलेला एखादा किडा, खाली एखादी ओळ. आणि वर नाव: आई.

आईला जाऊन सात महिने झाले होते. तिचा फोन आता बाबा वापरत होते. त्यांचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा; त्यात कॅमेरा नव्हता. फुलं आणि त्यांच्यावर येणारे पाहुणे टिपायचा छंद मूळचा आईचा. बाबांनी तो पुढे चालू ठेवला. त्यांचा जन्म चष्म्याची भिंगं घासण्यात गेलेला. एक जुनं भिंग त्यांनी रबरबँडने फोनला बांधलं होतं. त्यातून माशीच्या पायावरचे केसही दिसतात, असं ते सांगायचे.

तिने ते केस कधी पाहिले नव्हते. ‘आई’ हे नाव उजळलं की तिच्या छातीत काहीतरी एकदम उठून उभं राहायचं आणि लगेच त्याला कळायचं की उठण्यासारखं काही नाही. नाव बदलावं तर आईला आपल्या हाताने पुसल्यासारखं झालं असतं. बाबांना सांगावं तर तेवढंही ते बंद करतील. म्हणून ती फोटो न उघडता बाहेरूनच अंगठा पाठवायची. रोज एक अंगठा.

रविवारी ती त्यांच्या बटणांच्या फोनवर बोलायची.

“जेवलात?”

“जेवलो.”

“गोळ्या?”

“घेतल्या. तू?”

“मला कुठे गोळ्या आहेत, बाबा?”

“हो, तेही खरंच.”

मग दोघं आपापल्या बाजूला थोडा वेळ फोन धरून बसत आणि तो ठेवून देत.

एका सोमवारी महिनाअखेरीची झुंबड होती. एकीकडे गिऱ्हाईक भांडत होतं, दुसरीकडे साहेब आकडे मागत होते. तिने घाईत तीनचा आकडा दाबला. उत्तर गेलं. गिऱ्हाईक पुन्हा भांडायला लागलं, तेव्हा तिने पुन्हा तीन दाबला आणि पुढच्या माणसाकडे वळली. पहिलं उत्तर कुठे गेलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्या आठवड्यात तिने अंगठेही पाठवले नाहीत. मधल्या रविवारी बाबांनी एवढंच विचारलं, “उद्या सोमवार ना गं?”

“हो. का?”

“काही नाही. हल्ली वार चुकतात माझे.”

तिच्या विभागाच्या शेजारच्या खोलीत आवक-जावकच्या मावशी बसायच्या. कंपनीत आलेल्या आणि कंपनीतून गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद त्यांच्या वहीत. दुपारी दोघी एकत्र डबा खायच्या, आणि मावशी न विचारता तिचा फोन उचलून बागेचे फोटो उघडायच्या. ती तेव्हा खिडकीबाहेर पाहायची. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मावशी दहा दिवस रजेवर होत्या. गुरुवारी काळा चष्मा लावून त्या परत आल्या आणि डब्याचं झाकण उघडायच्या आधी म्हणाल्या, “दाखव. दहा दिवसांची बाग एकदम बघते.”

“तुम्हीच बघा.”

मावशींनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. “अगं, सोमवारनंतर काहीच नाही आलेलं. मंगळ, बुध, आज. तीन दिवस.”

“हो का?”

“हो का म्हणजे? फोन तुझ्याच पर्समध्ये असतो ना, की भाड्याने देतेस?” मग त्या थांबल्या. बोटाने वर सरकवत गेल्या. “हे काय लिहिलंयस त्यांना? ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’?”

तिचा घास हातात राहिला.

मावशी वाचत गेल्या. उत्तर गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीपासूनचे बाबांचे संदेश होते. कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्याचा एक हललेला फोटो, खाली: ‘नोंद घेतल्याबद्दल आभारी आहे. प्रतिनिधीला सकाळी आठच्या आत पाठवावे. ऊन चढलं की पट्टेवाला थांबत नाही.’ त्यानंतर: ‘पट्टेवाला आज आला होता. सही न करता गेला.’ मग: ‘कोथिंबीर अजून चार दिवस फुलेल. प्रतिनिधीने घाई करावी.’ मग नुसतंच: ‘वारा फार आहे.’ शेवटचा संदेश सोमवारचा होता, त्यात फोटो नव्हता. ‘आज सातवा दिवस. फाटकाची कडी काढून ठेवली आहे. चहाला दोन कप काढले आहेत.’

“पट्टेवाला कोण?” मावशींनी हळूच विचारलं.

“माशी. पिवळे-काळे पट्टे असलेली. एका जागी हवेत तरंगत राहते. कामाचं सोंग करते आणि काम काही करत नाही, म्हणून आईने नाव ठेवलं होतं.”

“आणि तू रोज काय पाठवायचीस यावर?”

“अंगठा.”

“अंगठा लिहिता न येणाऱ्याचा असतो, बाई. तू तर उत्तरं लिहिण्याचा पगार घेतेस!”

तिने बाबांच्या बटणांच्या फोनवर फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा थांबला. मग सात महिन्यांत पहिल्यांदा तिने ‘आई’ या नावावर बोट ठेवून फोन लावला. एक अनोळखी, शांत आवाज म्हणाला की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती उपलब्ध नाही.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“मावशी, ते फोटो आईच्या नावाने येतात. मला उघडवत नाहीत.”

मावशींनी चष्मा काढला. शस्त्रक्रिया झालेला डोळा लाल होता. “हे त्यांना सांगितलंस कधी?”

“नाही.”

“मग त्यांना काय दिसत असेल? नुसता अंगठा. अगं, मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळते आहे. कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, त्याला पोच म्हणतात. पोच म्हणजे कागद मिळाला, एवढंच. आत काय लिहिलंय ते माणसाने बसून वाचायचं आणि मग दोन ओळी लिहायच्या, ते उत्तर. पोच काय, दारावरचा शिपाईसुद्धा देतो. तू तुझ्या बापाला सात महिने पोच देते आहेस!”

“पण मावशी, मलाही त्रास—”

“होतो. होणारच. म्हणून काय त्याला कमी होतो? तू निदान माणसांत बसतेस. ऊठ. साहेबांना मी सांगते. डबा बांधून घे, गाडीत खा.”

गाडी तीन तास चालली. डबा तिने उघडला नाही. सगळ्या वाटेवर ती एकच हिशेब मांडत होती: सोमवार ते गुरुवार, माणूस पडला तर, कोणाला हाक मारेल? शेजारचं घर बंद. दूधवाला येतो, पण पिशवी फाटकाला अडकवून जातो. फाटक! फाटकाची कडी काढून ठेवली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

ती पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. फाटकाची कडी अजून काढलेलीच होती. घराच्या मागून पाण्याचा आवाज येत होता. बाबा पाठमोरे वाकून झाडांना झारीने पाणी घालत होते. सदऱ्याच्या आतून त्यांच्या पाठीची हाडं दिसत होती. ती एवढी दिसतात, हे तिला माहीत नव्हतं.

“बाबा!”

ते दचकून वळले. “तू? आज? काय झालं?”

“फोन का नाही उचललात?”

“फोन? तो फडताळात असेल, ऐकू नाही आला. दुसरा बंद करून ठेवलाय.” मग त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. “कंपनीकडून आलीस?”

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. “हो. तीन दिवस उशीर झाला.”

“चालायचंच. कंपन्यांचं असंच असतं.”

स्वयंपाकघरात ओट्यावर दोन कप पालथे ठेवलेले होते. बाबांनी चहा टाकला. तिने त्यांना सगळं सांगितलं: तीनचा आकडा, चुकून गेलेलं उत्तर.

“ते मला तेव्हाच कळलं,” ते म्हणाले. “मी भिंगं घासली आहेत, डोकं नाही. कंपनीची भाषा कळते मला. पण सात महिन्यांत तुझ्याकडून लिहून आलेले ते पहिले शब्द होते. म्हटलं, आलेत तर धरून बसू. कोण जाणे, एखादा प्रतिनिधी येईलही.”

“बाबा, तुमचे फोटो माझ्याकडे आईच्या नावाने येतात.”

त्यांचा चमचा कपात थांबला.

“रोज सकाळी ‘आई’ असं दिसतं. मग मला ते उघडवत नाही.”

मग त्यांनी तो काढून बशीत ठेवला. “मला कसं कळणार गं? इकडून तर फक्त तुझंच नाव दिसतं.”

दोघांचेही चहा गार झाले. मग तिने नाक पुसलं आणि विभागात विचारायची तसं, सरळ बसून विचारलं, “आपली तक्रार काय आहे?”

फडताळातून त्यांनी आईचा फोन काढला, सुरू केला आणि आईने काढलेले जुने फोटो तिच्यासमोर धरले. सदाफुली, भोपळ्याचं फूल, सूर्यफूल. भुंगा, फुलपाखरू, ठिपक्यांचा ढालकिडा. सगळे स्वच्छ, स्थिर. आणि प्रत्येक फोटोच्या कडेला, देठ धरलेली दोन बोटं. जाड, घासून घासून नखं झिजलेली. बाबांची.

“वाऱ्याने फूल हलतं,” ते म्हणाले. “ती फोटो काढायची, मी देठ धरायचो. आता फोटो मी काढतो. तक्रार तशी लहानच आहे. देठ धरायला माणूस नाही.”

सकाळी सातला ती दोघं कोथिंबिरीच्या वाफ्याशी उकिडवी बसली. बहुतेक तुऱ्यांना हिरवे धणे धरले होते. कोपऱ्यात एक तुरा उशिरा फुललेला होता. तिने दोन बोटांनी त्याचा देठ धरला. किती बारीक असतो तो! नाडीसारखा हातात थरथरत होता.

“श्वास सोडू नकोस,” बाबा कुजबुजले.

“तुम्ही बोलू नका.”

पट्टेवाला आला. हवेत एका जागी थांबला, विचार केल्यासारखा केला आणि बसला. बाबांनी बटण दाबलं. मग चष्मा कपाळावर सारून, एकेक अक्षर शोधत त्यांनी काहीतरी केलं आणि तिच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर नाव उजळलं: आई. तिच्या छातीत नेहमीसारखं काहीतरी उठलं. पण या वेळी तिने ते नाव उघडलं.

पांढऱ्या तुऱ्यावर पट्टेवाला लख्ख दिसत होता. पायांवर खरंच केस होते. आणि कडेला दोन बोटं, तिची. त्या बोटांची ठेवण आईसारखी होती, हे तिला त्या फोटोत दिसलं.

बाबा शेजारीच होते, तरी तिने लिहिलं: ‘त्याने मागचा डावा पाय उचललाय. निघायच्या तयारीत आहे.’

बाबांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी वाचलं, फोटो मोठा करून पाहिला. “खरंच की! हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.”

निघण्यापूर्वी तिने आपल्या फोनमध्ये ‘आई’ या शब्दापुढे एक छोटी रेघ काढली आणि ‘बाबा’ लिहिलं. काही पुसावं लागलं नाही. कार्यालयात गेल्यावर तिथल्या संगणकावर घरचे संदेश येणं तिने बंद केलं; ते आता फक्त फोनवर येतात.

आपण सगळेच हल्ली कोणाला ना कोणाला पोच देत असतो. अंगठा, जोडलेले हात, तयार फुलांचा गुच्छ. गिऱ्हाइकाला, साहेबाला, ओळखीपाळखीच्यांना ती पुरते. पण घरात एकटं राहिलेलं माणूस जेव्हा फुलाचा फोटो पाठवतं, तेव्हा ते फूल पाठवत नसतं. आपण अजून सकाळी उठतो, हे कळवत असतं. त्याला आपण पाहिलं, याची खूण उत्तरात असावी लागते. ती खूण कोणत्याच आकड्यावर दाबून मिळत नाही, आणि आपलं दुःख मोठं आहे म्हणून ती टाळताही येत नाही. समोरच्याला तिकडून फक्त आपलंच नाव दिसत असतं.

आता ती दर दुसऱ्या शनिवारी जाते आणि देठ धरते. बाकीच्या दिवशी वारा असतोच. फोटो हललेले येतात. फूल कुठलं आणि माशी कुठली, तेही पुष्कळदा कळत नाही. ती ते उघडते, मोठे करते, आणि शोधत बसते.