सतरा नंबरची तोटी

मित्रांनो, मी सतरा नंबरच्या कप्प्यातली एक जुनी ब्युरेट आहे. ज्यांनी ब्युरेट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: बोटाएवढी जाड, चांगली लांबलचक काचेची नळी, अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत रेघा आणि खाली एक काचेची तोटी. तोटी फिरवली की द्रव थेंबाथेंबाने पडतो आणि किती पडला ते माझ्या रेघांवर वाचता येते. एवढेच माझे काम. पण ते मी वर्षानुवर्षे चोख केले, हे सांगताना मी उगाच लाजणार नाही.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. त्याने ज्योतीवर नळी ओढली, रेघा कोरल्या आणि शेवटी माझ्या भोकात तोटी घालून, मध्ये बारीक पूड टाकून तो कितीतरी वेळ घासत बसला. दोघींनी एकमेकींची काच झिजवली तेव्हा कुठे आमचे जमले. अशी तोटी दुसऱ्या ब्युरेटला बसत नाही आणि मला दुसरी तोटी चालत नाही. मला याचा केवढा अभिमान होता! पुढे हीच घट्ट सोयरीक माझ्या मुळावर येईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

मी आले ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथला अभ्यासक्रम पाच वर्षांचा, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच दमात. शाळा संपवून आलेले कोवळे पोर आत शिरायचे आणि एम.एस्सी. होऊनच बाहेर पडायचे. मध्ये एकच फट होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फॉर्म भरला तर नुसती पदवी घेऊन निघता येई. त्याची तारीख टळली की थेट पाचवे वर्ष.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत, अगदी प्राध्यापकसुद्धा. पहिल्या दिवशी मामा प्रत्येकाला काचसामानाचा एक कप्पा देत आणि ठरलेले भाषण करत. "पाच वर्षं हा संसार तुमचा. जाताना एकेक वस्तू परत करायची आणि ब्युरेटची तोटी माझ्यासमोर फिरवून दाखवायची. फिरली तर सही, नाही तर बसा इथंच." त्या दिवसापासून मुलांना कप्प्याच्या नंबरानेच हाक मारली जाई. माझ्या वाट्याला कितीतरी सतरा नंबर आले. एक उंचेला मुलगा मला अशी हळुवार धुवायचा की बाकीचे त्याची टिंगल करायचे. एका मॅडमनी तर भर वर्गात मला उंच धरून सांगितले होते, "ही ब्युरेट खोटं बोलत नाही." त्या आठवणीवर मी अजून दिवस काढते.

मग सतरा नंबर म्हणून ती आली. बोलायला कमी, कामाला वाघ. तिचे वडील औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे असत. त्यांना रसायनशास्त्र शिकायचे होते, ते राहून गेले. म्हणून मुलगी इथे आली तेव्हा त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितले, खोकल्याच्या औषधाबरोबर हीही बातमी फुकट. सतराला मात्र ओढ होती आत्याची. आत्याचा घरच्या घरी साबण करण्याचा छोटासा कारखाना होता. सतरा सुट्टीत तिथे राबायची आणि परत आली की शेजारच्या अठरा नंबरच्या मुलाला तासन्‌तास साबणाच्या गोष्टी सांगायची. कोणते तेल घट्ट वडी देते, कॉस्टिक सोडा किती घातला की हात सोलतात, वडी कापायची तार कशी ओढायची. एरवी तोंड न उघडणारी मुलगी साबणावर बोलायला लागली की थांबत नसे.

तिसरे वर्ष संपत आले. तिने मधेच बाहेर पडण्याचा फॉर्म भरला, खाली वडिलांच्या सहीची जागा रिकामी ठेवली आणि तो घडी करून माझ्याशेजारी कप्प्यात ठेवला. रोज कप्पा उघडला की ती आधी त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आत्याने पाठवलेल्या तेलाची आम्लता ती तपासत होती. माझ्यात कॉस्टिकचे द्रावण भरलेले. निम्मे काम झाले होते तेवढ्यात फोन आला. वडीलच होते. "बाबा, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं," असे ती म्हणाली. पण पलीकडून आवाज आनंदाने ओसंडत होता. "आधी माझं ऐक. आज मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमची मुलगी एम.एस्सी. कधी होणार? म्हटलं, दोनच वर्षं राहिली! बोल आता, तुझं काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "जेवलात का?"

तिने फोन ठेवला. मग तिने मला स्टँडवरून काढले आणि न ओतता, न धुता, होते तसे कप्प्यात आडवे केले. फॉर्म उचलला, फाडला आणि निघून गेली.

मित्रांनो, ब्युरेटमध्ये कॉस्टिक ठेवून जाणे ही आमच्या जगातली सर्वांत मोठी चूक. ते काचेला खाते. वरून थोडे सांडले, उरलेले तोटीच्या सांध्यात शिरले आणि हळूहळू सुकले. पांढरी खपली धरली. कारागिराने इतक्या प्रेमाने जुळवलेल्या आम्ही दोघी जागच्या जागी चिकटलो. अंधारात पडल्या पडल्या मला ते कळत होते आणि ओरडायला तोंड नव्हते.

सुट्टीनंतर तिने कप्पा उघडला. तोटी फिरवून पाहिली. मी बारीक कुरकुरले, तशी ती घाबरून थांबली. इकडेतिकडे बघून तिने मला जुन्या रुमालात गुंडाळले आणि कप्प्याच्या पार मागे सारले. तिथे मी दोन वर्षे होते. उघड-मीट ऐकू यायची, उजेडाची एक रेघ दिसायची, बस. प्रत्येक प्रयोगाला ती अठराची ब्युरेट मागून घ्यायची. अठरा विचारायचा, "तुझी कुठंय?" ती म्हणायची, "तिला बरं नाही." तो हसायचा. मला राग यायचा, फार राग यायचा. पण तिचा आवाजही दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. साबणाचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

पाचवे वर्ष संपले. सामान परत करण्याचा दिवस उजाडला. मामा टेबलाशी यादी घेऊन बसले होते. अठरा तिच्या कानाशी कुजबुजला, "माझी दाखव. मी आधी दाखवून आलोय. सगळ्या सारख्याच तर दिसतात." त्याने आपली ब्युरेट तिच्या हातात दिलीसुद्धा.

"सतरा," मामांनी हाक मारली.

ती दोन पावले गेली आणि थांबली. परत फिरली, अठराची ब्युरेट खाली ठेवली, कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मला बाहेर काढले. रुमाल सोडला तेव्हा उजेडाने मी दिपून गेले.

"मामा, ही फिरत नाही. मी अडकवली. कॉस्टिक ठेवून गेले होते."

"कधी?"

"तिसऱ्या वर्षी."

मामांनी मला हातात घेतले, खपलीवर नख फिरवले. "दोन वर्षं झाली की गं. त्याच आठवड्यात सांगितलं असतंस तर अर्ध्या तासात सोडवली असती."

"भीती वाटली."

मामा रागावले नाहीत. त्यांनी मला सौम्य आम्लात भिजवले, कोमट पाण्यात धरले, लाकडाच्या तुकड्याने तोटीवर हलकेच टकटक केली. मीही जीव तोडून प्रयत्न केला. तोटी तसूभरही हलली नाही.

एवढ्यात तिचा फोन वाजला. खोली शांत होती, वडिलांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पीएच.डी.चा फॉर्म भरलास ना? आज शेवटची तारीख. मी मालकांना सांगूनही टाकलंय."

तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "बाबा, नाही भरला. भरणारही नाही. मला आत्याकडे जायचंय, साबणाच्या कामाला. तिसऱ्या वर्षीच जायचं होतं."



"तिसऱ्या वर्षी?" वडील म्हणाले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिने टेबलावरचा रुमाल उचलून त्याची घडी केली. मग वडीलच म्हणाले, "घरी ये आधी. बोलू." आवाजात राग नव्हता. तो नुसता थकलेला होता.

मामांनी यादीत माझ्या नावापुढे लिहिले, 'तोटी अडकलेली. विद्यार्थिनीने स्वतः सांगितले.' आणि खाली सही केली. इतक्या वर्षांत न फिरलेल्या तोटीवर त्यांनी केलेली ती एकमेव सही.

मित्रांनो, मी अजून अडकलेलीच आहे. मामांनी मला दाराजवळच्या खिळ्यावर टांगले आहे. दरवर्षी नवी मुले येतात, मामा त्यांना माझी तोटी फिरवून बघायला लावतात, ती फिरत नाही आणि सगळी हसतात. मला ते अजून लागते. खोटे कशाला सांगू, त्या मुलीला मी पुरती माफ केलेले नाही. पण बेसिनपाशी मामांचा हात धुण्याचा साबण असतो, तो तिने पाठवलेला. त्याचा वास आला की माझा राग थोडा उतरतो.

तुम्हाला माझे एकच मागणे आहे. काम झाले की आमच्या आतले ओतून टाका, दोनदा पाण्याने विसळा, तोटी काढून ठेवा. आणि एखादी अडकलीच, तर तिला रुमालात गुंडाळून मागे सारू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. तेव्हा ते अर्ध्या तासाचे काम असते.