बाबा बंदर घेत नाहीत

“ताई, बाबांनी दिवसभरात डाव टाकला नाही, तर त्यांच्या जागी कॉम्प्युटर खेळतो,” भावानं बजावलं होतं. तिनं कानाडोळा केला. एकटे राहणारे बाबा रोज सकाळी मोबाइलवरच्या खेळात तिच्याविरुद्ध डाव टाकायचेच. त्या खेळाचं बेटांचं नवं एक्स्पान्शन, म्हणजे वाढीव भाग, घेतल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं; पण लेकीच्या बंदराला त्यांनी कधी हात लावला नाही.

आज बाबांच्या डावात ते बंदर गेलं. बाळाला कडेवर घेऊनच तिनं फोन लावला.

“बाबा, माझं बंदर तुम्ही घेतलंत?”

“छे गं! तापानं कालपासून पडूनच आहे. कोणी घेतलं? थांब, बघतोच त्याच्याकडे!”

“झोपून राहा. निघालेच मी.”

म्हणून ती तुम्हालाही विनवते, तुमच्याशी खेळणारं म्हातारं माणूस एकाएकी हुशारीनं खेळू लागलं, तर आधी त्याला फोन करा.