बायजा स्मृती संगणक कक्ष

दान दिलं की माणसाने त्या वस्तूकडे पाठ फिरवावी. दामाजीला ते जमलं नाही. कोपर गावातली त्याची खाडीकडची जमीन बिल्डरला गेली तेव्हा त्याने गावच्या शाळेला चार कॉम्प्युटर दिले, आणि मग दर सोमवारी ते जागेवर आहेत ना, हे बघायला स्वतः येऊ लागला. खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी बसली: बायजा स्मृती संगणक कक्ष. बायजा म्हणजे त्याची आई. पाटीवर आईचं नाव वर आणि दामाजीचं खाली, पण खालचं अक्षर मोठं. गावात कोणी काही बोललं नाही. उद्घाटनाचं जेवण चांगलं झालं होतं.

हे नव्वद साल. शाळेला नुकताच अकरावी-बारावीचा व्होकेशनलचा वर्ग मिळालेला. बारावी झाली की थेट कॉम्प्युटरवर नोकरी, असं हेडमास्तर पालकांना सांगत. शिकवायला शहरातून, नौपाड्याच्या सुमतीबाई आल्या. कॉम्प्युटरचा कोर्स पुरा केलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या आणि कुणाशी वाकडं घ्यायची हिंमत नसलेल्या. वर्गात सतरा पोरं, त्यांत दामाजीची धाकटी, शेवंती.

शेवंतीचा बापाशी करार होता. तिच्यासाठी कल्याणहून स्थळ आलेलं, बाजारात कांद्या-बटाट्याचा गाळा असलेलं. बारावीनंतर नोकरी लागली तर ते लोक दोन वर्षं थांबणार होते, नाही तर त्याच उन्हाळ्यात लग्न. दामाजी हे चारचौघांत हसून सांगायचा. शेवंती हसायची नाही.

पहिल्याच खंडेनवमीला दामाजीने कॉम्प्युटरची पूजा घातली. नांगर-कोयत्याची करतात तशीच: हळदकुंकू, झेंडूचा हार आणि वरून मूठभर अक्षता. अक्षता कीबोर्डच्या फटींत गेल्या, आणि दिवाळीनंतर त्या मशीनची निम्मी बटणं दाबली की वर येईनात. बाईंनी कारण सांगितलं नाही. अक्षतांना दोष द्यायचा तर तो दात्यापर्यंत पोचतो. पोरांच्या हाताने बिघडलं असेल, असं दामाजीनेच ठरवून टाकलं.

"बाई, उरल्याली तीन झाकून ठेवा," तो म्हणाला. "परीक्षा आली की काढू. माज्या आईचं नाव हाय त्यावर."

जाड प्लॅस्टिकची कव्हरं शिवून आली. बाईंनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि अभ्यासक्रम पुरा करायचा मार्ग शोधला. पुठ्ठ्यावर बटणं आखून प्रत्येकाला एकेक कीबोर्ड करून दिला. पुठ्ठ्याचं बटण दबत नाही, वाजत नाही. बोट बरोबर जागी पडलं की नाही ते कळावं कसं? म्हणून नियम केला: अक्षरावर बोट दाबायचं आणि बाईंची पट्टी टेबलावर वाजेपर्यंत तसंच दाबून धरायचं. नजर कागदावरच. बाई रांगांतून फिरत, सगळ्यांची बोटं बघत, मग पट्टी वाजवत. नियम शहाणपणाचा होता. नुसत्या पुठ्ठ्यापुरता.

शेवंतीचा हात सगळ्यांच्या पुढे गेला. घरीही भाकरी थापून झाली की ती पुठ्ठा मांडीवर घेऊन बसे. आई, तुळसा, म्हणायची, पोरीच्या बोटांत भूत शिरलंय. शेवंतीला पट्टीची गरज उरली नाही. तिच्या मनातच पट्टी वाजायची.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. कव्हरं निघाली, परीक्षकांनी यंत्रं पाहिली, शहाळं प्यायले, आणि एवढ्या नव्या वस्तूंवर सतरा जणांचे हात कशाला, म्हणून प्रश्न तोंडीच विचारले. शेवंती पहिली आली. कव्हरं परत चढली.

नौपाड्यात शेअरचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचं एक ऑफिस होतं. बाईंनी शब्द टाकला आणि शेवंतीला चाचणीला बोलावणं आलं. बाप रिक्षातून सोबत आला आणि खाली पानवाल्यापाशी थांबला. वर एक तरुण सुपरवायझर होता, वाईट नव्हता. त्याने अर्ज पुढे ठेवला आणि हे टाइप करा म्हणाला.

शेवंती ताठ बसली. नजर कागदावर. बोट बरोबर अक्षरावर, मनातली पट्टी वाजेपर्यंत दाबून. एकही बोट चुकलं नाही. अर्ज संपल्यावर तिने मान वर केली, तेव्हा पडदा भरून वाहत होता. प्रत्येक अक्षर वीस-वीस वेळा, मुंग्यांच्या रांगेसारखं.

सुपरवायझर हसला नाही. हलकंच दाबून लगेच सोडा, असं सांगून त्याने दुसरा अर्ज दिला. पण दीड वर्ष घोटलेलं बोट एका दुपारी कसं सुटणार? पुन्हा मुंग्याच.

"ताई, कॉम्प्युटर याआधी पाहिलाय ना तुम्ही?"

"आमचेच आहेत," शेवंती म्हणाली. "चार."

मागे रांगेत बसलेल्या मुली हसल्या.

लग्न वैशाखात लागलं. हळदीला सुमतीबाई आल्या. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, त्यांत नवरीच्या बापाने शाळेला दिलेल्या यंत्रांचंही एक कडवं होतं. शेवंती पाटावर हळदीने माखून बसली होती. हात मांडीवर उपडे, मुठी मिटलेल्या.

बाईंना ते बघवलं नाही. दामाजीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी कमी पडली नाही हो. तिला यंत्राला हातच लावू दिला नाही आपण."

दामाजीने मांडवात येणाऱ्या पाहुण्यांना हात जोडले.

"चावी तुमच्याकडं होती, बाई."

"आणि हुकूम तुमचा होता."

"मंग आता बोलून काय? शब्द गेला कल्यानला."

हिशेब दोघांचाही बरोबर होता. हळद मात्र तिसरीलाच लागली होती.

लग्नानंतर शाळा उघडली, त्या पहिल्याच सोमवारी दामाजी आला. बाईंना म्हणाला, उघडा. नव्या वर्गाच्या पोरांना बसवा, खराब झाली तर होऊ द्या. बाईंनी पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं. कव्हरं काढली तर आतून पाण्याचे थेंब. गेल्या अख्ख्या पावसाळ्याची, खाडीची खारी हवा प्लॅस्टिकखाली कोंडून राहिलेली. पत्र्यावर गंज चढला होता. बाईंनी एक मशीन सुरू केलं, मग दुसरं, मग तिसरं. एकाचा पंखा थोडा घरघरला आणि थांबला. पडदे काळेच राहिले.

दामाजीने धोतराच्या सोग्याने एक पडदा पुसला. त्यात त्याचाच चेहरा दिसला. तो बाजूला झाला. बाहेर व्हरांड्यात हेडमास्तर कुणा नव्या पालकांना पाटी वाचून दाखवत होते.

"झाका, बाई," दामाजी म्हणाला. "झाकल्यावर चालू वाटतात."

बाईंनी कव्हरं चढवली.